काटा, वही आणि बोटं

हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत बैल काट्यावर चढवून कुणी घेत नाही. घेणारा आधी लांबून बघतो, मग जवळ येऊन पाठीवर हात ठेवतो. वशिंडापासून शेपटीच्या बुडापर्यंत हात सरकतो, बरगड्यांवर जरा थांबतो, पुठ्ठ्यावर दाबून बघतो. या फिरत्या हाताला जनावर किती दिवस उपाशी होतं, कशावर पोसलंय, कामाला टिकेल का, हे बरंचसं कळतं. आपल्याकडे ही विद्या पिढ्यान्‌पिढ्याची आहे. पण त्याच घरातल्या लेकरांनी संभाजीनगरच्या किंवा लातूरच्या दुकानातून गिनी पिग आणला की हा हात कुठे जातो कोण जाणे. "कसं गुबगुबीत झालंय की गं!" असं आजीनं म्हटलं की सगळ्यांचं समाधान होतं, आणि वर्षभर कुणी त्याच्या पाठीवर बोट दाबून बघत नाही.

गुबगुबीत दिसणं हे या प्राण्याचं नुसतं दिसणंच असतं. दाट केस, आखूड मान, शेपूट नाही, पाय अंगाखाली दडलेले. सव्वाशे ग्रॅम वजन गेलं तरी केसांच्या आत काय घडलं ते वरून दिसत नाही. त्यात हा भक्ष्य होणारा प्राणी. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला. पण आजारपण लपवायची सवय त्याच्या रक्तातून गेलेली नाही. कळपात लुळा पडलेला पहिला उचलला जातो, म्हणून दुखत असलं तरी तो शेवटपर्यंत ताटलीजवळ येतो, तोंड हलवतो. बघणाऱ्याला वाटतं, खातोय की. आजार डोळ्यांना दिसायच्या आधी वजनात उतरतो. म्हणून हा प्राणी पाळायचा तर काटा घरात हवाच, असं माझं ठाम मत आहे. पिंजऱ्याच्या रंगावर आणि खेळण्यांवर पैसे घालण्याआधी काटा घ्यावा.

पूर्ण वाढलेल्या नराचं वजन साधारण ९०० ते १२०० ग्रॅम असतं, मादीचं ७०० ते ९०० ग्रॅम. पुष्कळ लोक हा आकडा वाचतात आणि तिथेच थांबतात. चूक इथूनच सुरू होते. हाडापेरानं बारीक असलेली मादी ७२० ग्रॅमवर ठणठणीत असते आणि दांडग्या हाडाचा नर ९५० ग्रॅमवर वाळलेला असतो. देवणी आणि लाल कंधारी या दोन जातींची गुरं एका मापानं मोजत नाहीत, तसंच हे. शेजारच्याचा गिनी पिग अकराशेचा आहे म्हणून आपल्याला खंत करायचं कारण नाही. त्याची तुलना त्याच्याच मागच्या आठवड्याशी करायची.

पिल्लांचा हिशोब वेगळा. जन्मतः पिल्लू ७० ते १०० ग्रॅमचं असतं, तीन आठवड्यांनी आईपासून तुटतं तेव्हा १८० ते २५० च्या आसपास. पुढचे काही महिने ते आठवड्याला ३० ते ५० ग्रॅम वाढलं पाहिजे. मग वेग कमी होतो आणि वर्ष-सव्वा वर्षाचं झालं की वजन एका जागी ठरतं. वाढत्या वयात दोन आठवडे आकडा तिथल्या तिथे राहिला तर ते वजन घटल्यासारखंच समजावं. कागदावर काही कमी झालेलं दिसत नाही, पण व्हायला हवी ती वाढ झालेली नसते. दुकानातून आणलेलं पिल्लू अनेकदा वयाच्या आधीच आईपासून तोडलेलं असतं. त्यामुळे घरी आणल्या दिवशीच वजन घेऊन लिहून ठेवावं.

काटा कुठला? किराणा दुकानातला टांगायचा स्प्रिंगचा काटा चालत नाही, २० ग्रॅमचा फरक त्यावर दिसतच नाही. सोनाराचा काटा इतकं वजन पेलत नाही. स्वयंपाकघरात पीठ-साखर मोजायचा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किंवा दहा किलोचा डिजिटल काटा पुरे. तो ओट्यावर ठेवू नये. गिनी पिग मांजरासारखा चार पायांवर उतरत नाही. दोन फुटांवरून पडला तरी हाड मोडतं किंवा पुढचे दात तुटतात. फरशीवरच ठेवावा. जुन्या शहाबादी फरशीत उंचसखलपणा असतो, तेव्हा काटा डुगडुगत नाही ना ते आधी बोटानं दाबून बघावं. पंखा बंद करावा, वाऱ्यानं आकडा हलतो. काट्यावर उंच काठाची टोपली किंवा प्लॅस्टिकचं छोटं घमेलं ठेवावं, तळाशी फडकं अंथरावं, म्हणजे पाय घसरत नाहीत आणि जनावर घाबरत नाही. मग शून्य करायचं बटण दाबावं. फडकं नंतर टाकलं तर त्याचेच चाळीस-पन्नास ग्रॅम वजनात धरले जातात. ही चूक फार होते. छातीखाली एक हात, बुडाखाली दुसरा, असं उचलून आत ठेवावं, वर हात धरावा पण टेकवू नये. पहिला आकडा घेऊ नका. तो स्थिर बसेपर्यंत थांबा, तीनदा मोजा आणि मधला लिहा.

काट्यावर विश्वास कितपत ठेवायचा हेही तपासता येतं. मिठाचा एक किलोचा न फोडलेला पुडा त्यासाठी बाजूला ठेवावा आणि महिन्यातून एकदा तोच मोजावा. दर वेळी आकडा तोच आला पाहिजे. बदलला तर आधी सेल बदला. सेल उतरलेल्या काट्यानं माणसं उगीच घाबरतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे उगीच निर्धास्त राहतात.

वार आणि वेळ ठरवून टाकावी. समजा रविवारी सकाळी, पालेभाजी टाकायच्या आधी. पोटातला चारा आणि मूत्राशयातलं पाणी एवढ्यानंच एका दिवसात वीस-तीस ग्रॅम इकडचे तिकडे होतात. सकाळी उपाशीपोटी एकदा आणि संध्याकाळी भरल्या पोटी दुसऱ्यांदा मोजलं तर त्या दोन आकड्यांना अर्थ राहत नाही.

वहीत हे कसं दिसतं ते बघा. एका नराचे चार रविवारचे आकडे: ९४२, ९३८, ९५१, ९४६. खालीवर होताहेत, पण एकाच जागेभोवती घुटमळताहेत. याला काही झालेलं नाही. आता पुढचे चार: ९४६, ९२१, ८९७, ८६८. कुठल्याही एका आठवड्यात घट तीस ग्रॅमच्या आतच आहे, आणि एकेकटा आकडा बघितला तर प्रत्येक वेळी मन समजूत काढतं, उकाडा असेल, चारा कमी खाल्ला असेल. पण तीन आठवड्यांत ७८ ग्रॅम गेले, म्हणजे आठ टक्क्यांच्या वर. सत्तर किलोच्या माणसाचे तीन आठवड्यांत पावणेसहा किलो उतरले तर घरातले त्याला दवाखान्यात नेल्याशिवाय राहतील का? गिनी पिगच्या बाबतीत एका आठवड्यात ५० ग्रॅम घट दिसली की रोज मोजायला लागावं आणि खाणं-लेंड्या बारकाईनं बघाव्यात. शंभराच्या जवळ गेली किंवा एकूण वजनाच्या दहा टक्क्यांवर पोचली तर वाट बघू नये. आणि लागोपाठ तिसऱ्या आठवड्यात आकडा खालीच येत असेल तर घट किती आहे याचा विचार न करता डॉक्टर गाठावा.

पण आकडा अर्धंच सांगतो. उरलेलं बोटं सांगतात.

जमिनीवर मांडी घालून बसावं, मांडीवर टॉवेल टाकून गिनी पिगला त्यावर घ्यावं. डावा हात छातीखाली ठेवावा. उजव्या हाताचा अंगठा कण्याच्या एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून खांद्यापासून मागच्या पुठ्ठ्यापर्यंत हळूहळू यावं. दाब किती? पिकलेला पेरू दाबून बघतो तेवढाच. मग कोपराच्या मागे बरगड्यांवर बोटं आडवी फिरवावीत, मग कुल्ल्याची दोन हाडं, मग हनुवटीखाली, शेवटी पोट. बरगड्या कशा लागायला हव्यात हे समजून घ्यायला आपलाच हात पुरतो. मूठ वळा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी मुठीवरची टेंगळं चाचपा: बरगड्या अशा लागल्या तर प्राणी वाळलाय. आता हात सरळ उघडा आणि पालथ्या पंजावरून बोटं फिरवा, हाडं जाणवतात पण टोचत नाहीत: हे बरोबर. तोच हात उताणा करून तळव्याच्या गादीवर बोटं दाबा, हाड शोधावं लागतं: इतकं मांस बरगड्यांवर असेल तर तो लठ्ठ झालाय.

कण्याचंही असंच. निरोगी प्राण्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मांसाचे भरीव पट्टे असतात आणि मणके हलक्या दाबाखाली एकेक ओळखू येतात. वाळलेल्याचा कणा करवतीच्या दात्यांसारखा लागतो, दोन्ही बाजूंना खळगी पडलेली, कुल्ल्याची हाडं वर आलेली. लठ्ठाच्या पाठीवर कणा सापडतच नाही. हनुवटीखाली चरबीची झोळी लोंबते, खांद्यांवर गाद्या येतात, पोट फरशीला टेकतं आणि वरून बघितलं तर पायांची बोटंसुद्धा दिसत नाहीत. नराच्या गळ्याखाली थोडी झोळी असतेच, तेवढ्यावरून त्याला लठ्ठ ठरवू नये. आणि वरून बघताना मागची बाजू पुढच्यापेक्षा रुंद दिसते, नाशपातीसारखी. ती त्याची ठेवणच आहे.

काटा आणि बोटं एकमेकांशी पटत नाहीत तेव्हा मात्र जपून. वजन जिथल्या तिथे आहे, किंवा वाढतंय, आणि कणा मात्र बोटाला टोचायला लागलाय, हे सगळ्यात फसवं लक्षण. मांस झडतंय आणि पोटात दुसरंच काहीतरी वाढतंय. मादीत गर्भ असू शकतो. दुकानातून आणलेली मादी गाभण असणं नवलाचं नाही, आणि दिवस भरत आले की तिचं वजन जवळपास दुप्पट होतं. वयस्क मादीत अंडाशयावर पाण्याच्या गाठी होतात, त्यात दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होतात. पोटात अर्बुद, म्हणजे मांसाची गाठ, असू शकते. आणि पोट एकाएकी डफासारखं ताणलं, टिचकी मारली की पोकळ वाजलं, प्राणी एका जागी आक्रसून बसला, तर तो वायू आहे. म्हशीचं पोट फुगल्यावर काय धावपळ होते ते आपल्याला माहीत आहे. याच्याकडे तितकेही तास नसतात. अशा वेळी तोंडात काहीही घालू नये, तसंच उचलून न्यावं.

वजन घटायचं सगळ्यात मोठं कारण दात, आणि नेमकं तेच दिसत नाही. गिनी पिगला एकूण वीस दात, सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे चार आपल्याला दिसतात. खरा कारभार मागच्या दाढांचा. लांब, चिवट गवत चघळताना खालचा जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासून झिजतात. गवत कमी आणि काकडी, गाजर, पाकिटातला तयार खुराक जास्त झाला की ही झीज थांबते. खालच्या दाढा आत कलतात आणि जिभेवर कमान धरतात. जीभ त्या कमानीखाली अडकते आणि घास मागे सरकत नाही. वरच्या दाढा बाहेर वाढून गालाला बोचतात. असा प्राणी भुकेला असतो, धावत येतो, पान उचलतो, दोन-चार वेळा तोंड फिरवतो आणि टाकून देतो. हनुवटी ओली राहते. गवत सोडून मऊ तेवढं निवडतो. पण ही लक्षणं पुरती उमटेपर्यंत वहीत दोन-तीन आठवड्यांची घसरण आधीच लिहिलेली असते. पुढचे दात सरळ दिसले म्हणून दात चांगले आहेत असं धरू नये; दाढा बघायला उपकरण लागतं, कापायला बहुधा भूल लागते, आणि ते घरच्या नेलकटरचं काम नव्हे.

दुसरं कारण क जीवनसत्त्व. माणसासारखंच गिनी पिगच्याही शरीरात ते तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांना नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनी पिगमध्ये स्कर्व्ही, म्हणजे या जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा रोग, दिसली, आणि त्यातूनच त्या रोगाचा प्रयोगशाळेतला अभ्यास पुढे गेला. घरी आजही तेच घडतं: हरभरा, ज्वारी, भाकरीचे तुकडे यांवर प्राणी जगतो, मग हळूहळू सांधे दुखायला लागतात, चालणं मंदावतं, केस राठ होतात, खाणं कमी होतं, वजन उतरतं. किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम पुरतं. पेरूची १५ ग्रॅमची फोड किंवा ढोबळी मिरचीचा ३० ग्रॅमचा तुकडा एवढ्यात ते भागतं, आणि पेरूत साखर असल्यानं रोजच्यासाठी मला ढोबळी मिरचीच बरी वाटते. पाण्यात थेंब थेंब टाकायचं क जीवनसत्त्वाचं औषध उजेडात आणि उन्हाळ्यात लवकर निकामी होतं, शिवाय पाण्याची चव बदलली की प्राणी पाणीच कमी पितो. खुराकाच्या पाकिटावरची तारीखही बघावी. तयार होऊन तीन महिने उलटले की त्यातल्या क जीवनसत्त्वावर भिस्त ठेवू नये.

पाण्यावरून आठवलं. आपल्याकडे बाटलीत बोअरचं पाणी भरतात. त्याचे पांढरे क्षार नळीच्या टोकाशी असलेल्या छऱ्यावर चढतात, छरा अडकतो, आणि बाटली भरलेली दिसत असताना प्राणी तहानलेला राहतो. किलोभर वजनाचा गिनी पिग दिवसाला साधारण १०० मिली पाणी पितो. रोज बोट लावून थेंब येतो का बघावं, आठवड्याला लिंबाच्या रसानं नळी घासावी. पाणी कमी पडलं की गवत कमी खाल्लं जातं, आणि दोन्हीचा परिणाम काट्यावर दिसतो.

एप्रिल-मे हा मराठवाड्यात या प्राण्याचा खरा कसोटीचा काळ. त्याला १८ ते २४ अंश मानवतात; आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. गर्मीत तो खाणं टाकतो आणि आठवड्याच्या मोजणीत ते उशिरा कळतं, म्हणून या दोन महिन्यांत आठवड्यातून दोनदा मोजावं. पत्र्याखालची खोली, गच्चीवरचा पिंजरा, बंद गॅलरी यांत ठेवूच नये. तळमजल्यावरची उत्तरेकडची खोली, खिडकीला ओलं गोणपाट, कूलरचा झोत अंगावर न घेता बाजूनं जाणारा, आणि वीज गेली तर गोठवलेल्या पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवलेली. प्राणी आडवा पडून धापा टाकत असेल, तोंडातून लाळ येत असेल तर ते वजनाचं प्रकरण उरलं नाही. कान आणि पाय साध्या पाण्यानं ओले करत, बर्फाचं पाणी न वापरता, लगेच दवाखाना.

लठ्ठपणा आपल्या घरात लाडानं येतो. बिस्किट, शेंगदाणे, भाकरी, भिजवलेला हरभरा, सीताफळाची फोड. लठ्ठ गिनी पिगचं तोंड बुडापर्यंत पोचत नाही, तो स्वतःला साफ ठेवू शकत नाही आणि पोषणासाठी खायच्या मऊ लेंड्याही त्याला घेता येत नाहीत. भारानं तळपायांना फोड येऊन चिघळतात. यावर उपाय म्हणून एक दिवसाचासुद्धा उपास घडवू नये. पोट रिकामं राहिलं की आतड्याची हालचाल थांबते, अंगातली चरबी यकृतात साचते, आणि जाडजूड प्राणी दोन दिवसांत हातचा जातो. गवत भरपूरच ठेवायचं, त्यावर कधीच मर्यादा नाही. कमी करायचा तो खुराक: दिवसाला १५ ते २० ग्रॅम, त्याच काट्यावर मोजून. धान्य, बिस्किट, दाणे पूर्ण बंद. फळ आठवड्यातून एकदा बोटाच्या पेराएवढं. हजार-अकराशे ग्रॅमच्या प्राण्याचे आठवड्याला १० ते १५ ग्रॅम उतरले तर तो वेग योग्य आहे, त्याहून जास्त घाई नको.

गवताला पाकिटातलं परदेशी टिमोथी चांगलंच, पण महाग पडतं. वाळवलेलं मारवेल आणि स्वच्छ जागची हराळी चालते. फवारणी झालेल्या बांधावरची नको. कडब्याची वाळलेली पानं थोडी द्यावीत, धांडं टणक असतात. कोवळी हिरवी ज्वारी मात्र अजिबात नको. तिच्यातल्या विषानं ढोरं दगावतात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, आणि इथे तर किलोभराचा जीव. लसूणघासात कॅल्शियम फार, ते वाढत्या पिल्लाला आणि गाभण मादीला. मोठ्यांना रोज दिलं तर मुतखडा होतो. शेवग्याच्या पाल्याचंही तेच, चिमूटभर ठीक.

दोन गिनी पिग एकत्र असतील तर दोघांची पानं वहीत वेगळी हवीत. वाटी रोज रिकामी होते म्हणून दोघं खाताहेत असं होत नाही. दांडगा दुसऱ्याला गवताजवळून हुसकावतो, आणि एकाचे ४० ग्रॅम वाढतात तेव्हा दुसऱ्याचे तितकेच गेलेले असतात. गवत दोन कोपऱ्यांत ठेवलं की बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं.

डॉक्टरकडे जायची वेळ आली तर वही बरोबर न्या. आपल्या भागातले बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्री बघणारे. गिनी पिग त्यांच्यापुढे क्वचित येतो. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे विचारता येतं. आठ रविवारचे आकडे समोर ठेवले की अनोळखी प्राण्याबद्दलही डॉक्टरांना धागा सापडतो. एक गोष्ट मात्र आपणच सांगायची: ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन यांसारखी पेनिसिलिनच्या कुळातली औषधं याला तोंडावाटे द्यायची नाहीत. त्यांनी आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि प्राणी जुलाबानं जातो. घरातल्या लेकराचं उरलेलं सिरप म्हणून तर कधीच नाही.

जाताना पहाटे निघावं, खोक्यात मूठभर गवत आणि काकडीची चकती ठेवावी. परतल्यावर त्याच संध्याकाळी एकदा वजन घ्यावं आणि पुढचे सात दिवस रोज. तो स्वतः खात नसेल आणि पोट फुगलेलं नसेल तर डॉक्टरांना विचारून खुराक कोमट पाण्यात भिजवून पातळ करावा आणि सुईशिवायच्या सिरिंजनं तोंडाच्या कडेनं, पुढच्या दातांच्या मागून, थोडा थोडा द्यावा: किलोमागे दिवसभरात ५० ते ८० मिली, पाच-सहा वेळांत विभागून. एका घासाला अर्धा मिली, तो गिळेपर्यंत थांबून मग पुढचा. उताणं धरून भरवलं तर घास श्वासनळीत जातो.